हातावरचं वजन

माझ्या हाताला बाळाचं वजन कळतं, अशी आमच्या तालुक्यात माझी ख्याती होती. होती म्हणते, कारण ती मोडली, आणि मोडली ती माझ्याच हातानं.

वीसहून जास्त वर्षं मी सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं करते आहे. त्यातली निम्मी वर्षं सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. बाळ जन्मलं, रडलं, नाळ कापली, पुसून झालं, की मी त्याला दोन्ही तळव्यांवर घ्यायची, हलकेच एकदा वरखाली करायची आणि आकडा सांगायची. "दोन आठशे." म्हणजे दोन किलो आठशे ग्रॅम. मग काट्यावर ठेवलं की काटा दोन सातशे नव्वद नाहीतर दोन आठशे दहा दाखवायचा. नवीन आलेल्या नर्स पोरी तोंडात बोट घालायच्या. मी वरवर "त्यात काय एवढं" म्हणायची आणि आतून टम्म फुगायची.

हा हात माझ्या वडिलांकडून आलेला. आबा वसमतच्या हळद बाजारात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून द्यायचं काम त्यांचं. त्यांच्या हातात हळकुंडांची ओंजळ दिली तरी ते वजन सांगायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते माझ्यासाठी लहानमोठ्या पुरचुंड्या बांधायचे आणि एकेक हातावर ठेवून विचारायचे, "किती?" चुकलं की पुन्हा. माझे तळवे शाळा उघडेपर्यंत पिवळेच असायचे. त्यांचा एक नियम होता, "माल हातात घेताना मालकाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई." का, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मालक डोळ्यानं काही खाणाखुणा करत असेल, म्हणून असेल.

आमच्या केंद्राखाली दहाबारा गावं, एक तांडा आणि डोंगराच्या अंगाला आदिवासींच्या तीन वाड्या. वाडीवरची बाई बाळंतपणाला आली की मला बरं वाटायचं. आरडाओरडा नाही, तक्रार नाही, नातेवाइकांची फौज नाही. सोबत एक सासू किंवा जाऊ, एक पिशवी, संपलं. त्यांची बाळं लहान असायची. आयाही लहान चणीच्या, काटक. त्यावर माझं ठरलेलं वाक्य होतं, खाण तशी माती. हे मी नव्या पोरींना शिकवायचीसुद्धा. तालुक्याच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणायचंच, "तिकडची लेकरं मूळचीच बारीक." सगळे माना डोलवायचे आणि तेवढ्यात चहा यायचा.

आमच्या कामात अडीच किलो ही एक रेघ आहे. बाळ रेघेच्या खाली असलं की त्याच्यामागे कामं लागतात. आशाताईनं घरी जास्त फेऱ्या घालायच्या, बाळ दूध ओढतं का बघायचं, गार पडतं का बघायचं. फारच खाली असलं तर हिंगोलीला नवजात बाळांच्या कक्षात पाठवायचं. रेघेवर किंवा तिच्या वर असलं की आई आणि बाळ आपल्या घरी जायला मोकळे.

गावातली माणसं काट्याशिवाय ऐकायची नाहीत. आत्या, मावशी, काका, सगळे काट्याभोवती जमायचे, मोबाईलवर आकड्याचा फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे पुण्याला पाठवायचे. वाडीवरचं कुणी काटा मागायचं नाही. मी हातावर घेऊन "अडीच" म्हटलं की ते मान हलवायचे. मग बाळाला पुन्हा उघडं कशाला करायचं, गार पडेल बिचारं, असा विचार करून मी तोच आकडा लिहून टाकायची. यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट ही आपली माया आहे, असंच वाटायचं.

ती सकाळ पौषातली होती. धरणावरून येणारा वारा त्या दिवसांत हाडांत शिरतो. डॉक्टर तालुक्याच्या बैठकीला गेल्या होत्या. बाळांचा आमच्याकडे एकच धड काटा, तो लसीकरणाला गेलेली मंडळी घेऊन गेली होती, कारण त्यांचा बंद पडला होता. दवाखान्यात मी आणि एक आयाबाई. आणि खाटांवर दोन बाया, दोघींच्या कळा वाढत चाललेल्या.

पहिली सुटली ती गावातल्या मोठ्या बागायतदाराची सून. मुलगी झाली. सासूबाई दाराशीच होत्या, हातात गरम पाण्याचा थर्मास, खांद्यावर नवी शाल, कानाला मोबाईल. मी बाळाला वॉर्मरवर ठेवलं. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारी आमची पेटी, तीही एकच. सासूबाई डोकावल्या.

"बाई, लेकरू अशक्त दिसून राह्यलं. आमच्या घरात असं न्हाई होत. नीट बघा."

मी हातावर घेतलं. हात त्या वेळी काय म्हणाला, ते मला आज खरंच आठवत नाही. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. त्यांचा मोठा मुलगा जिल्ह्याला कुणाकुणाच्या ओळखीचा आहे, हे मला माहीत होतं.

"दोन दोनशे," मी म्हटलं.

"मंग हितं काहून ठेवता? हिंगोलीला न्या."

मी डॉक्टरांना फोन लावला. बैठकीतून त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही बघितलंय ना सिस्टर, गरज वाटत असेल तर पाठवा." मी गाडी बोलावली.

तेवढ्यात दुसरी सुटली. वाडीवरची बाई, बाविशीतली असेल. तिलाही मुलगीच. ती फारशी रडली नाही, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज केला आणि गप्प झाली. वॉर्मरवर बागायतदारांची नात होती. मी हिला पुसलं, तळव्यांवर घेतलं, आईकडे बघितलं. फिकट चेहरा, मनगटात हिरव्या बांगड्या, विटकी साडी. तोंडातून आकडा आपोआप आला.

"अडीच."

तिची चुलत सासू सोबत आली होती. तिनं बाळ घेतलं, साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि तशीच उभी राहिली.

"बाई, लई हलकं लागून राह्यलं. आन गारबी हाय."

"मावशी, तुमची लेकरं अशीच असत्यात," मी हसून म्हटलं. "बारीक, पण चिवट."

तिनं साडीचा तुकडा आणखी घट्ट केला. बाळ आईच्या कुशीत गेलं. थोड्या वेळानं गाडी आली, बागायतदारांची सून, नात, सासूबाई, थर्मास, सगळं गाडीत बसून गेलं. खोली एकदम शांत झाली. वॉर्मर मोकळा झाला होता. मी तो बंद केला. उगाच वीज कशाला जाळायची, असं मनात आल्याचं मला स्पष्ट आठवतं. वाडीवरची बाई चार हातांच्या अंतरावर खाटेवर पडून होती आणि वॉर्मरचा लाल दिवा विझताना तिनं बघितला.

दुपारपर्यंत मी रजिस्टर लिहिलं, चहा घेतला, डबा खाल्ला. मधे एकदा मावशी दाराशी आली.

"लेकरू तोंड लावून न्हाई राह्यलं."

"पहिल्या दिवशी झोपत्यातच लेकरं. जरा येळानं लावा."

ती परत गेली. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. त्यांचं हेच मला आवडायचं.

तीनच्या सुमारास लसीकरणाची मंडळी परतली आणि पाठोपाठ डॉक्टर. वयानं माझ्या मुलीएवढ्या, लातूरकडच्या, आमच्याकडे येऊन दोनच महिने झालेल्या. मी त्यांना मनातल्या मनात पोरच म्हणायची. त्या आत आल्या, खाटेशी वाकल्या आणि आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या तळपायाला लावली. लावली आणि तिथेच धरून ठेवली.

"सिस्टर, वजन किती?"

"अडीच."

"काट्यावर?"

"काटा नव्हता मॅडम. हातावर."

त्यांनी बाळ उचललं, लसीकरणाच्या बॅगेतून काटा काढायला लावला, शून्य केला आणि बाळाला वर ठेवलं. आकडे थोडे नाचले आणि थांबले. १.८६०.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला, काट्याचा. मी म्हटलं, दिवसभर मोटरसायकलवर आदळून बिघडला असेल. डॉक्टरांनी बाळ उचलून चादरीत घेतलं. मी सलाईनची एक लिटरची बाटली आणून काट्यावर ठेवली. काट्यानं एक किलोच्या थोडं वर दाखवलं, बरोबर तेवढंच, जेवढं भरायला हवं. मी बाटली उचलून पुन्हा ठेवली. तेच. मी मनात वजाबाकी केली. सहाशे चाळीस ग्रॅम. आबांच्या पुरचुंड्यांमध्ये मी दहा वर्षांची असतानाही एवढी चुकले नव्हते.

"मॅडम, त्यांची लेकरं जरा..." मी सुरुवात केली.

"त्यांची म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं मी काय म्हणते आहे.

त्याच वेळी गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला. "बाई, हितले डॉक्टर म्हणून राह्यले, लेकरू एकदम बराबर हाय. दोन पाचशे साठ भरलं. वापस न्या म्हणून राह्यले. पण ह्या सासूबाई ऐकून न्हाई राह्यल्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं म्हणत्यात. मी काय करू?"

म्हणजे ज्या बाळाला काही झालं नव्हतं त्याला मी गाडी, वॉर्मर, फोन, सगळं दिलं होतं. आणि जे सकाळपासून गार पडत होतं त्याला मी चिवट म्हटलं होतं. ड्रायव्हरला मी म्हटलं, त्यांच्यासोबतच थांब.

दुसरी गाडी यायला तासाच्या वर वेळ लागणार होता. डॉक्टर म्हणाल्या, माझ्या गाडीतून जाऊ. त्यांनी बाळाची साखर तपासली, थोडं दूध वाटी-चमच्यानं पाजलं, मग आईचं पोलकं सोडून बाळाला उघड्या छातीवर उभं ठेवलं, डोक्याला टोपी घातली आणि वरून दोन चादरी गुंडाळल्या. आईच्या अंगाची ऊब हेच आता त्याचं औषध होतं. बागायतदारांच्या सासूबाईंची नवी शाल खाटेवर राहून गेली होती, तीही मी वरून लपेटली. विचारायला मी थांबले नाही.

डॉक्टर गाडी चालवत होत्या, मावशी पुढे, मी आणि बाळंतीण मागे. मी दर दोन मिनिटांनी शालीखाली हात घालून बाळाचा पाय चाचपत होते. ज्या हातांवर इतकी वर्षं माज केला, त्यांच्यावर आता माझाच भरवसा नव्हता. डॉक्टर आरशातून बघत तिच्याशी बोलत होत्या, ती जागी राहावी म्हणून.

"दिवस भरत आले तेव्हा काय काम करत होतीस?"

"कापूस वेचत व्हते."

"कुठवर?"

"आठवा सरेस्तोवर."

"आणि खायला?"

"भाकर, ठेचा. सासू म्हणे जास्त खाऊ नको, लेकरू मोठं झालं तर सुटका अवघड व्हती."

"गोळ्या?"

"घेतल्या थोड्या. तपासणीच्या दिवशीच मजुरीचा रोज असायचा, मंग कधी येणं झालं, कधी न्हाई."

मी त्या वाडीवर किती वर्षं जात होते. यातला एकही प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. तिच्या हाडांवर आणि रक्तावर सगळं ढकलून मोकळी झाले होते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, माझ्या लेखी तर डोंगरावरची माणसंही दुरूनच होती.

हिंगोली जवळ आली तशी ती पहिल्यांदा आपणहून बोलली. रस्त्याकडे बघत, हळू आवाजात.

"मागच्या येळेलाबी तुमी अडीचच सांगितलं व्हतं, बाई."

"मागच्या वेळेला?"

"पहिल्याला. पोरगं व्हतं. तुमच्याच दवाखान्यात झालं, तुमच्याच हातानं. अडीच हाय म्हणल्या, चांगलं हाय, घरी घिऊन जा म्हणल्या."

"मग?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"सहाव्या दिशी गेलं. गार पडत चाललं आन गेलं. आदल्या दिशी पाचवी पूजली व्हती. सासू म्हणे, सटवाईनं तेवढंच लिहिलं व्हतं."

आमच्याकडे मानतात की पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. मला ती श्रद्धा माहीत होती, माझ्या लेकींचीही पाचवी मी पूजली आहे. पण सटवाई यायच्या चार दिवस आधी मी लिहिलं होतं. आणि त्या बाळाचा चेहरा, त्याचं वजन, त्याची आई, मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ही बाई आज सकाळी पोट घेऊन दारात आली तेव्हा तिनं मला ओळखलं होतं. मी तिला ओळखलं नव्हतं.

कक्षातल्या नर्सनं बाळ आत नेलं आणि काचेचं दार लागलं. बाळंतीण बाकावर भिंतीला टेकून बसली. मी तिच्याशेजारी बसले. काय बोलावं, याचा विचार करत करत शेवटी जे होतं तेच बोलले.

"माझं चुकलं. आज पण, मागच्या वेळी पण."

तिनं माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, असू द्या बाई म्हणाली नाही. मी मनातून त्या 'असू द्या'ची वाट बघत होते, हे मला तेव्हाच कळलं आणि स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातली जुनी प्रसूतीची रजिस्टरं खाली काढली. तिच्या मुलाची नोंद सापडली. माझंच टपोरं अक्षर, ज्याचं पाहणीला आलेले साहेब नेहमी कौतुक करतात. वजन २.५, प्रकृती चांगली. मग मी पानं उलटत गेले. गावातल्या बाळांपुढे आकडे होते २.६४०, २.८१५, ३.०२०, २.४३५. शेवटच्या ग्रॅमपर्यंत. वाडीवरच्या बाळांपुढे २.५. पुढच्या पानावर २.५. त्याच्या पुढच्या पानावर २.५, २.५. जणू डोंगरावरच्या सगळ्या आया एकाच मापाची बाळं जन्माला घालत होत्या. कुठे एखादं २.३ होतं, तेही जेव्हा मी रजेवर होते आणि दुसऱ्या सिस्टरनं काट्यावर ठेवलं होतं तेव्हाचं. दर महिन्याच्या पानाखाली वरिष्ठांची सही होती. कुणालाही दिसलं असतं. हातच्या काकणाला आरसा कशाला. पण कुणीच बघितलं नव्हतं, आणि सगळ्यांत आधी मी.

तेव्हा मला माझी ख्यातीही कळली. माझा हात बरोबर आहे हे मी काट्यावर पडताळलं होतं ते फक्त गावातल्या बाळांवर. ती बहुतेक अडीच ते तीनच्या मधलीच असतात, त्यात माणूस चुकणार तरी किती? जिथे हाताची खरी परीक्षा होती तिथे मी काटाच लावला नव्हता.

किती बाळं त्या २.५ मुळे रेघेच्या वर गेली, आणि त्यातली किती नंतर या जगातूनच गेली, ते मला माहीत नाही. आशाताईला विचारायला मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा विचारलं. तिनं आठवून आठवून तीन घरं सांगितली. मी ती कागदावर लिहून घेतली आणि डॉक्टरांपुढे ठेवली, रजिस्टरांसकट. त्यांनी एकेक पान उलटून बघितलं. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल, सिस्टर." मी म्हटलं, कळवा. माझी चौकशी झाली, अजून पुरी झालेली नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

रविवारी मी वसमतला गेले. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, अंगणात उन्हाला बसलेले असतात. त्यांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, वय झालं माय, हात बधिर होतो. त्यांनी कान पुढे करून दोनच गोष्टी विचारल्या.

"गावच्या लेकराला किती सांगितलंस? आन भरलं किती?"

"दोन दोनशे सांगितलं. दोन पाचशे साठ भरलं."

"आन वाडीच्या?"

"अडीच सांगितलं. एक आठशे साठ भरलं."

ते ओठ मिटून बोटांनी गुडघ्यावर काहीतरी मोजत राहिले.

"काटा बिघडला म्हंजे समद्यांनाच कमी दावतो, न्हाई तर समद्यांनाच जास्त. एकाला कमी आन एकाला जास्त दावत न्हाई." मग म्हणाले, "हाताला काही न्हाई झालं तुझ्या. तू तोंडं बघितलीस. ओळखीचा मालक असला की मलाबी पोतं जड लागायचं, म्हणून मी बघत नव्हतो. तुला सांगितलं व्हतं की."

"सांगितलं होतं, आबा."

"मंग काहून बघितलंस?"

आईनं आतून चहा आणला, तो तसाच गार झाला.

वाडीवरची मुलगी कक्षात बरेच दिवस होती. पहिले दोन दिवस तर कुणी काही सांगायलाच तयार नव्हतं. मी ड्यूटी संपली की एस.टी. पकडून जायची, काचेतून बघायची आणि परत यायची. तिच्या आईशी बोलणं होत नसे. ती तासन्‌तास मुलीला छातीवर धरून बसलेली असायची, त्या शालीत. शाल परत मागायला बागायतदारांच्या घरून माणूस आला होता. मी त्याला सांगितलं, हरवली. खोटं बोलल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दीड महिन्याच्या लसीला ती आली. मुलगी जगली होती. मी लसीच्या टेबलापाशी होते, बायांची रांग होती. तिचा नंबर आला तसे माझे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, तळवे वर. वीस वर्षांची सवय.

ती माझ्या हातांपाशी थांबली नाही. पुढे गेली, काट्यापाशी उभी राहिली, मुलीचं झबलं, टोपी, पायमोजे एकेक करून काढले, काटा शून्यावर आहे का ते वाकून बघितलं आणि मुलीला स्वतः वर ठेवलं. मुलगी हातपाय झाडायला लागली. आकडे नाचत राहिले. ती वाट बघत राहिली. मी वाचायला पुढे झाले.

"मला आकडे येत्यात, बाई," ती म्हणाली. "सातवी झाली माझी."

मी मागे सरकले.

आकडे थांबले. तिनं एकेक आकडा वाचला, सावकाश, मला ऐकू जाईल असा. "दोन. आठ. तीन. पाच." मग मुलीला उचलून शालीत घेतलं आणि तिथेच उभी राहिली. मी कार्डावर २.८३५ लिहिलं. तिनं कार्ड हातात घेऊन ते काट्याशी ताडून बघितलं, मग मुलीची मांडी लसीसाठी माझ्यासमोर धरली.